त्वचेतले अँटीमायक्रोबियल पेप्टाइड्स (छोटी जंतुनाशक प्रथिनं) फक्त जंतूच मारतात, की रोगप्रतिकारक पेशींवरही परिणाम करतात?

दोन्ही करतात, आणि मला विचाराल तर दुसरं काम जास्त रंजक आहे. जखम झाली की केराटिनोसाइट पेशी (त्वचेच्या वरच्या थरातल्या मुख्य पेशी) बीटा-डिफेन्सिन आणि एलएल-३७ (३७ अमिनो आम्लांची साखळी) ही पेप्टाइड्स सोडतात. बीटा-डिफेन्सिन-२ हे पेशीवरच्या सीसीआर६ या रिसेप्टरला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटून अपरिपक्व डेंड्रिटिक पेशी (जंतूंची ओळख इतर पेशींना करून देणाऱ्या) आणि मेमरी टी पेशींना (आधी भेटलेला जंतू लक्षात ठेवणाऱ्या) तिकडे खेचतं. एलएल-३७ न्यूट्रोफिल व मोनोसाइट या पांढऱ्या पेशी बोलावतं, मास्ट या रोगप्रतिकारक पेशींतून हिस्टामिन (खाज-सूज आणणारं रसायन) बाहेर काढतं. गंमत म्हणजे हेच पेप्टाइड जिवाणूंच्या एलपीएस या विषाला बांधून दाह कमीही करतं.

गडबड होते ती सोरायसिसमध्ये (त्वचेवर लाल, खवलेदार चट्टे येतात त्या आजारात). एरवी प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी (विषाणूंवर नजर ठेवणाऱ्या) आपल्याच मेलेल्या पेशींच्या डीएनएकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण एलएल-३७ त्या डीएनएला चिकटलं की ती जोडगोळी पेशीच्या आत शिरते, टीएलआर९ (जंतूंचा डीएनए ओळखणारा रिसेप्टर) जागा होतो आणि इंटरफेरॉन-अल्फा हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सुटतं. म्हणजे जंतू नसतानाही संसर्ग झाल्यासारखी धावपळ! २००७ मध्ये हे दाखवलं गेलं.

एक्झिमात उलटं: आयएल-४ आणि आयएल-१३ या रोगप्रतिकारक पेशींच्या संदेशवाहक प्रथिनांमुळे ही पेप्टाइड्स सोरायसिसच्या मानाने कमी बनतात, म्हणून तिथे स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू सहज बस्तान बसवतो.