'जोगप्पा आल्यात': तृतीयपंथी, पारलिंगी आणि सीमाभागातली क्रियापदं

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंचा प्रश्न असा आहे: पालकसभेत एक कन्नड पत्रक मराठीत वाचून दाखवायचं आहे. त्यात 'लिंगत्व अल्पसंख्यातरु' असा शब्द आलाय. त्याला 'तृतीयपंथी' म्हणावं का? गावात सगळे 'जोगप्पा' म्हणतात, ते तेच का? आणि अशा व्यक्तीबद्दल बोलताना 'आला' म्हणायचं की 'आली'?

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पण आधी नामांकडे बघू.

कन्नडमधलं 'लिंगत्व' म्हणजे शरीर नव्हे. माणूस स्वतःला बाई मानतो, पुरुष मानतो की दोन्हींहून वेगळं, ते. मराठीत समाजशास्त्राची मंडळी ह्याला 'लिंगभाव' म्हणतात. म्हणजे शब्दाला शब्द ठेवला तर 'लिंगभाव-अल्पसंख्य' असं होईल. बाई, हे सभेत वाचलंत तर पालक एकमेकांची तोंडं बघत बसतील.

'तृतीयपंथी' सगळ्यांना कळतो, महाराष्ट्र शासनाच्या कागदांतही तोच असतो, आणि त्यात शिवी नाही. माझं अडतं ते 'पंथ'पाशी. वारकरी पंथ, नाथपंथ, महानुभाव पंथ. पंथात माणूस जातो, दीक्षा घेतो, गुरू करतो. हिजड्यांच्या घराण्यांत गुरू-चेला असतात, तिथे हा शब्द शोभतो. पण खानापुरातल्या एखाद्या घरात वाढणारं, आपण मुलगा नाही हे आतून जाणणारं पोर कुठल्या पंथात गेलेलं नसतं. 'तृतीय' मात्र जुना आहे. अमरकोश ह्या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'तृतीया प्रकृती' असा शब्द आहे, आणि त्याच्या शेजारी षंढ, क्लीब, नपुंसक हे शब्द दिलेत. हे शेजारी आज मराठीत शिव्या म्हणूनच उरलेत. 'तृतीय' तेवढा स्वच्छ राहिला.

'पारलिंगी' हा अलीकडे घडवलेला शब्द. जन्माच्या वेळी लावलेल्या लिंगापलीकडे गेलेली व्यक्ती. नदीपार, सीमापार म्हणतो तसा हा 'पार'. सीमेवर राहणाऱ्यांना तो समजावून सांगायला वेळ लागू नये.

'लिंग' शब्दाला सभेत लाजू नका. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ खूण, चिन्ह. आपल्या जिल्ह्यात तर घरोघरी लिंगायत मंडळी इष्टलिंग गळ्यात घालतात. तो शब्द उच्चारताना कुणी मान खाली घालत नाही. ह्याच कन्नड मुलखातल्या जेडर दासिमय्या ह्या शिवभक्त संतकवीचं एक वचन प्रसिद्ध आहे. त्याचा भाव असा: स्तन आणि लांब केस आले की बाई म्हणतात, दाढीमिशी आली की पुरुष म्हणतात, पण ह्या दोन्हींच्या मधे वावरणारा आत्मा बाईही नाही आणि पुरुषही नाही, हे रामनाथा. बसवण्णांच्याही, म्हणजे बसवेश्वरांच्याही, आधीचे हे शब्द आहेत. तृतीयपंथीयांचा विषय निघाला की 'हे सगळं बाहेरून आलंय' म्हणणाऱ्याला मी हे वचन ऐकवते.

कायदाही शेवटी खुणेपाशीच आला. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सांगितलं की आपण पुरुष, स्त्री की तृतीय लिंगाचे हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. पुढे 2019 चा तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा झाला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची वाट आली. स्वतः सांगायची ओळख दाखल्यावर आली, ह्याचं दुःख त्या समाजातल्या अनेकांनी उघड बोलून दाखवलं. पालकांना सांगण्याजोगी एक गोष्ट मात्र आपल्याच राज्याची आहे: 2021 मध्ये कर्नाटकाने सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी 1 टक्का आरक्षण ठेवलं, आणि असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य.

आता जोगप्पा. हा शब्द भाषांतरात वापरू नका. तो चांगला शब्द आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. 'जोग' म्हणजे योग, 'अप्पा' म्हणजे कन्नडमध्ये वडील, मोठं माणूस. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेली, देवीने 'धरलेली' व्यक्ती. अंगावर साडी, कपाळाला भंडारा, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे तिचा मुखवटा बसवलेली परडी, हातात चौंडकं हे तंतुवाद्य. मराठीत आपण जोगत्या, जोगती म्हणतो. जोगप्पाचं नातं देवीशी असतं. निपाणीच्या एखाद्या पारलिंगी मुलीला यल्लम्माशी काही देणंघेणं नसेल, तर तिला जोगप्पा म्हणणं म्हणजे न घेतलेलं व्रत तिच्या डोक्यावर ठेवणं. उलट जोगप्पाला 'तृतीयपंथी' म्हटलं तर त्यातली देवी गळून पडते. पारलिंगी लोककलावंत मंजम्मा जोगतींना 2021 ची पद्मश्री मिळाली, कर्नाटक जनपद अकादमीच्या त्या अध्यक्षा होत्या. त्यांनी 'अम्मा' आणि 'जोगती' हे दोन्ही शब्द नावात ठेवलेत. कुणी कुठला शब्द ठेवला तेच आपण बघायचं.

आपल्याला हे समजायला हवं. 1 नोव्हेंबर 2014 पासून कागदावर 'बेळगावी' आलं, तरी घरात आपण 'बेळगाव'च म्हणतो, आणि कुणी त्यावरून टोकलं की किती लागतं ते आपल्याला ठाऊक आहे. आपलं नाव दुसऱ्याने ठरवलं की काय वाटतं, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.

'समलिंगी' शब्द ह्या पत्रकात नाही, तो मधे आणू नका. आपण कोण आहोत हा एक प्रश्न आणि आपलं मन कुणावर जडतं हा दुसरा. एवढंच सांगते की 6 सप्टेंबर 2018 ला कलम 377 मधून सज्ञान व्यक्तींचे राजीखुशीचे संबंध वगळले गेले. ऑक्टोबर 2023 मध्ये लग्नाचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही. आणि 'अनैसर्गिक' हे विशेषण त्या कलमाबरोबर आपल्या बातम्यांत शिरलं ते अजून निघालेलं नाही. ते कृपा करून वापरू नका.

आता 'आला' की 'आली'.

मी लहान असताना मंगळवारी किंवा शुक्रवारी आमच्या दारात एक जोगप्पा यायचे. चौंडक्याचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आजी सूप शोधायची. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण ह्या एका वाक्याला आजी हटकून कन्नडवर जायची: "जोगप्पा बंदार नोड!" कधी मराठीत म्हणालीच तर "जोगप्पा आल्यात बघ." सुपातून जोंधळे द्यायची, पायाला हात लावायची. घरात मात्र कधी बसवलं नाही, पाणीही उंबऱ्याबाहेरच. मान होता, मान्यता नव्हती. ते मला तेव्हा दिसलं नाही आणि आता विसरता येत नाही. पण आजीचं व्याकरण मला अजून शिकवतं.

कन्नडमध्ये 'अवनु' तो, 'अवळु' ती, आणि आदराने बोलायचं तर 'अवरु'. 'अवरु' बाईही असेल, पुरुषही असेल, क्रियापद बदलत नाही. 'बंदार' तेच. प्रमाण मराठीत आदरार्थीसुद्धा लिंग सुटत नाही: ते आले, त्या आल्या. पण आपल्या बोलीत पाव्हणं आल्यात, बायका आल्यात, मास्तर आल्यात. 'आल्यात' कुणालाही चालतं. पुण्याच्या मराठीला जे शोधावं लागेल ते आपल्या ओट्यावर कधीपासून पडलेलं आहे. हे 'अशुद्ध' म्हणून शाळेत खोडलं जातं, आणि बाई, तुम्हालाच विनंती आहे की निदान ह्या कामासाठी ते खोडू नका.

लिहायची वेळ आली तर मराठीची विभक्ती मदतीला येते. 'त्यांनी अर्ज दिला', 'त्यांना बोलवा', 'त्यांचं नाव यादीत आहे'. 'त्यांनी भाकरी खाल्ली' ह्यात क्रियापद भाकरीचं ऐकतं, खाणाऱ्याचं नाही. कर्मणी प्रयोग आपण परीक्षेसाठी पाठ केला, त्याचा असाही उपयोग आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे बायकाही 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. कन्नडमध्ये 'नानु बंदे' म्हणताना लिंग कळत नाही. आपली सवय मला त्या शेजाराची वाटते. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, निपाणीकडची, जन्मदाखल्यावर मुलगा. घरी आई, काकू, बहिणी सगळ्याच 'आलो' म्हणायच्या, त्यामुळे तिचं 'आलो' कुणाला खटकलं नाही आणि तिलाही त्याचा त्रास झाला नाही. पुण्याला गेल्यावर कळलं की तिथे बायका 'आले' म्हणतात. तिने तो एकार ठरवून उचलला. एकदा घरी फोन करून म्हणाली, "आई, मी पोचले." तिकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, "पुण्याची झालीस की गं."

तोवर आईच्या तोंडी कायम 'झालास' आणि 'रे' होतं. ते सांगताना त्या मुलीचा आवाज कापत होता.

म्हणून 'आल्यात' हे अनोळखी माणसापुरतं धरा. समोरची व्यक्ती 'मी आले' म्हणत असेल तर तिला 'आली'च हवं असतं, तिथे 'आल्यात' म्हणणं म्हणजे तिने सांगितलेलं न ऐकणं. कळत नसेल तर विचारावं: "आक्का म्हणू का?" आपल्याकडे नवीन सोयरिकीत असं विचारतातच, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

तर बाई, पत्रकाचं वाक्य असं वाचा: 'तृतीयपंथी आणि पारलिंगी व्यक्ती'. दोन्ही शब्द एकत्र, कारण पहिल्याने पालकांना कळेल आणि दुसऱ्याने त्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला. 'जोगप्पा' पत्रकात नको. पण गावातले जोगप्पा त्या दिवशी शाळेच्या दारात आले, तर मुलांना हाक मारून बोलीतच सांगा: "जोगप्पा आल्यात, आत खुर्ची टाका."