रिकाम्या पामचं बटण दाबण्याआधी

प्रश्न : बाबांच्या कपाटात त्यांचा पाम एम५१५, म्हणजे हातात मावणारी जुनी इलेक्ट्रॉनिक डायरी, सापडला. रात्रभर चार्ज केल्यावर सुरू झाला, पण आत एकही नाव नाही, एकही नोंद नाही. ते ज्याला तो जोडायचे, तो विंडोज एक्सपीचा संगणक अजून चालतो. क्रेडलवरचं, म्हणजे पाम संगणकाला जोडायच्या स्टँडवरचं, बटण दाबून पाहू का? बाबा आता नाहीत, त्यामुळे धीर होत नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, थांबलात हे फार चांगलं केलंत. आधी क्रेडलची यूएसबी वायर संगणकातून काढून ठेवा.

या पामची १६ एमबी मेमरी बॅटरीच्या जोरावरच टिकते. बॅटरी पूर्ण उतरली की पत्ते, डायरी सगळं पुसलं जातं. पण बाबा बटण दाबून हॉटसिंक करायचे, म्हणजे पाम आणि संगणक यांच्यातल्या नोंदी जुळवायचे, तेव्हा बदललेली प्रत्येक नोंद संगणकातही उतरायची. म्हणजे त्यांनी शेवटचं बटण दाबलं त्या दिवसापर्यंतचं सगळं तिथे असायला हवं.

२००२ साली माझ्याकडे पामचाच एम५०५ होता. दौऱ्यावर चार्जर न्यायला विसरलो आणि परत येईपर्यंत तो कोरा झाला होता. दीडएकशे फोन नंबर होते, दुसरीकडे कुठेच लिहिलेले नव्हते. पुण्याला घरी येऊन क्रेडलवर ठेवला, पडद्यावर माझं नाव निवडलं आणि काही मिनिटांत सगळे नंबर परत आले. तेव्हापासून मी सिंकचा विचार करताना आधी एकच विचारतो : कुठून कुठे?

कारण या जोडणीत दिशेचे तीन पर्याय असतात. दोन्हीकडचं जुळवून घेणं, संगणकावरचं पामवर चढवणं किंवा पामवरचं संगणकावर चढवणं. तिसरा पर्याय चुकून निवडलेला असेल, तर रिकामा पाम संगणकावरची भरलेली वही कोरी करून टाकेल. भीती तेवढीच आहे, पण ती खरी आहे.

म्हणून आधी प्रत काढा. सी ड्राइव्हवर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये पामचं फोल्डर असेल, त्यात बाबांच्या नावाचं, बहुधा आखूड केलेलं, आणखी एक. मोठं फोल्डर जसंच्या तसं पेनड्राइव्हवर घ्या, दोन पेनड्राइव्हवर घेतलंत तर उत्तमच. मग संगणकावरचा ‘पाम डेस्कटॉप’ हा प्रोग्राम उघडून पत्ते सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या, फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा. ती फाइल आजच्या फोनच्या संपर्कयादीतही घालता येते. डायरी सरळ कागदावर छापून घ्या.

पामच पुन्हा भरायचा असेल, तर घड्याळाशेजारच्या हॉटसिंकच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘कस्टम’मध्ये प्रत्येक ओळीला ‘डेस्कटॉप ओव्हरराइट्स हँडहेल्ड’ (संगणकावरचं पामवर) निवडा, आणि मगच वायर जोडा. हे त्याच जुन्या संगणकावर करा. नंतरच्या ६४ बिटच्या विंडोजसाठी पामने यूएसबी ड्रायव्हर, म्हणजे जोडणी चालवणारा प्रोग्राम, काढलाच नाही.

मेमो पॅडमध्ये, म्हणजे टिपणांच्या भागात, मात्र नक्की पाहा. पामवर मुळात देवनागरीची सोय नव्हती. बाबांनी मराठीत काही टिपून ठेवलं असेल, तर ते रोमन अक्षरांत असेल. शोधतानाही तसंच टाइप करा.