गच्चीवर कोण झोपतं, ते आधी बघ

प्रिय पोरी,

मास्टर्सला प्रवेश मिळाल्याचं वाचून बरं वाटलं. रंगांची पेटी माळ्यावर टाकल्याचं वाचून मात्र नाही. "आता आर्किटेक्चरच, चित्रं पुरे" असं ठणकावून लिहितेस, आणि खाली दोन ओळींवर विचारतेस, की शिकून तिकडेच राहू की परत येऊ? यातलं मी काय सांगणार! पण एका माणसाचं काम मी बरीच वर्षं न्याहाळत आलोय. त्याच्याबद्दल लिहितो.

कामरान दिबा. जन्म तेहरानचा, १९३७ सालचा. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातून १९६४ मध्ये आर्किटेक्ट झाला आणि लगेच नोकरीला न लागता वर्षभर समाजशास्त्र शिकला. पदवीपेक्षा मला हे एक वर्ष महत्त्वाचं वाटतं. चित्रं तर चालूच होती. त्या दशकात पाणी आणि पाणी पिणारा माणूस हे विषय त्याने पुन्हा पुन्हा रंगवले. १९६६ मध्ये तो तेहरानला परतला. शिल्पकार परवीझ तनावली आणि रोक्साना सबा यांच्याबरोबर त्याने कलावंतांसाठी एक क्लब काढला. जागा रश्त रस्त्यावर, घर क्रमांक २९. म्हणून क्लबचं नावही 'रश्त २९'. बारसं करायला पुरोहित नको, काही नको.

आता तू म्हणशील, इराणच्या शहाची राणी फराह त्याच्या चुलत नात्यातली, त्याला कामं मिळायला काय उशीर! खरंच आहे. ओळख होती, तेलाचा पैसा होता, कामं मिळाली. पण ओळखीवर काम मिळतं, डोळा मिळत नाही. तेहरानच्या लाले पार्कमध्ये त्याने १९७८ मध्ये बांधलेला नमाजखाना बघ, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. काँक्रीटचा एक चौकोनी डबा, त्याच्या आत दुसरा. बाहेरचा शहराच्या रस्त्यांशी काटकोनात बसवलेला आणि आतला मक्केच्या दिशेला वळवलेला. वर छप्पर नाही, आभाळ. घुमट नाही, मिनार नाही, महिरपही नाही. रस्त्यावरचा माणूस दोन भिंतींमधून आत शिरतो आणि चार पावलांत त्याचं अंग आपोआप वळतं. एवढीच करामत. ट्रेसिंग पेपरवर दोन चौकोन काढ, आतला फिरवत बस. अर्ध्या तासात हाताला कळेल, हे आर्किटेक्टला नाही, चित्रकाराला सुचलंय.

शेजारचं समकालीन कला संग्रहालयही त्याचंच, १९७७ मध्ये उघडलेलं. पहिला संचालकही तोच. बाहेरून इमारत बुटकी दिसते आणि छपरावर उजेड आत घेणारे वळणदार झरोके उभे. इराणमधल्या यझ्द शहराकडच्या घरांवर वारा पकडणारे बादगीर असतात, त्यांची ही भावंडं. त्याने वाऱ्याऐवजी उजेड पकडला. आत शिरलं की उतरण गोल फिरत खाली नेते आणि तळाशी एक चौकोनी हौद लागतो. हौद, दालन, जिना, तावदान हे आपले शब्द फारसीतूनच आलेत, तेव्हा तिथे तुला फार परकं वाटायचं नाही. फक्त त्या हौदात पाणी नाही, काळंभोर तेल आहे. हारागुची नावाच्या जपानी शिल्पकाराचं काम. तेलावर चालणाऱ्या देशाच्या संग्रहालयात तेलाचा हौद! हे तिथे ठेवायला धाडस लागतं, आणि थोडा मिश्कीलपणाही.

पण तुझ्यासाठी मी पत्र लिहितोय ते शुश्तरसाठी. खुझेस्तान प्रांतातलं हे जुनं गाव. नदीपलीकडे उसाच्या कंपनीच्या कामगारांसाठी दिबाने नवं शुश्तर आखलं. (ऊस म्हटल्यावर तुझे कान टवकारले असणार, सांगलीची ना तू!) उन्हाळ्यात तिथे पारा पन्नाशीकडे जातो. म्हणून विटांची घरं एकमेकांना खेटून, मधे अरुंद, सावलीच्या गल्ल्या, घराघरात अंगण. रात्री लोक गच्चीवर झोपतात, तर गच्चीचे कठडे विटा सोडून जाळीदार रचले. वारा लागला पाहिजे आणि शेजाऱ्याची नजर अडली पाहिजे. मोटारी कडेला ठेवल्या, गावाच्या मधून चालायचा रस्ता काढला. १९८६ मध्ये या कामाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

कठड्यातली एक वीट काढायची, तर गच्चीवर कोण झोपतं हे आधी ठाऊक पाहिजे. हे मी फार उशिरा शिकलो. माझं पहिलं मोठं काम कामगारांच्या चाळवजा घरांचंच होतं. दर्शनी भाग मी इतका साफ ठेवला होता, की फोटो बघून स्वतःवरच खूश झालो होतो. कपडे वाळत घालायची सोय काढायची मात्र राहिली. सहा महिन्यांनी गेलो, तर बायांनी या ग्रिलपासून त्या ग्रिलपर्यंत सुतळ्या ताणलेल्या. साड्या, टॉवेल, बाळाची दुपटी, आणि त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी माझा दर्शनी भाग. एक म्हातारी मला म्हणाली, "नकाशा काढणाऱ्याच्या घरात कपडे धूत नसतील." काय बोलणार?

शुश्तरचं पुढे काय झालं, तेही ऐक. शहाला घालवणाऱ्या १९७९ च्या क्रांतीच्या तोंडावर दिबा देशाबाहेर गेला आणि गावाचा पहिला भागच तेवढा उभा राहिला. मग इराकशी युद्ध पेटलं आणि तिथे युद्धामुळे बेघर झालेली कुटुंबं राहायला आली. ज्यांच्यासाठी आखलं ती माणसं वेगळी, राहिली ती वेगळी. त्यांनी आपापल्या गरजेने भिंती उचलल्या, मोकळ्या जागा बंद केल्या. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आर्किटेक्ट मायदेशी नव्हता. संग्रहालयातली पोलॉक, वॉरहॉल, बेकन या पाश्चात्त्य चित्रकारांची चित्रं कित्येक वर्षं तळघरात पडून होती. दिबा पॅरिस आणि स्पेनमध्ये राहिला, तिथे पुन्हा चित्रांकडे वळला.

त्याला काय वाटलं असेल, हे मी सांगू शकत नाही. पण इमारत बॅगेत भरून नेता येत नाही, हात नेता येतो. परक्या गावात तुला कोणी प्लॉट देणार नाही. परवाना हवा, क्लायंट हवा, तिथल्या नगरपालिकेचे नियम पाठ हवेत. कागदाला यातलं काहीच लागत नाही. म्हणून पेटी माळ्यावरून काढ. हौस म्हणून म्हणत नाहीये, तुझ्या धंद्याची ती अर्धी हत्यारं आहेत.

राहायचं की परतायचं, ते तिथे गेल्यावर बघ. दिबा एकदा आपणहून परतला आणि एकदा त्याला परतता आलं नाही. दोन्ही वेळा तो काही फार आधी ठरवून बसला असेल असं मला वाटत नाही. जायला अजून दोन महिने आहेत. रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर अर्धा तास बस आणि फक्त बसलेली माणसं काढ. कोण कशाला टेकतं, कोण सावलीबरोबर सरकतं, पिशवी कुठे ठेवतात, बाई मूल पाजायला कोणता कोपरा शोधते. इमारत काढायची नाही. बाक आपोआप उमटेल.

दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. चहा पिताना बघू. आणि येताना पेनाने काढलेलंच आण, पेन्सिलने काढून मग खोडायची तुझी खोड मला माहीत आहे.

तुझा,
सर