दुधानंच पोट भरतंय, मग भाकरीला जागा कुठं?

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, वजन साडेतेरा किलो. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, मी नोकरीला जाते त्यामुळं दिवसभर ती सासूबाईंकडं असते. जेवायचं नाव काढलं की रडारड. मोबाईलवर कार्टून लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, उघडलं तरी घास गालात धरून अर्धा अर्धा तास बसते. भाजी ताटातनं उचलून खाली टाकते. दूध मात्र आवडतं, चॉकलेट पावडर घालून दिवसातनं चार कप होतात, सोबत बिस्किटं. सासूबाई म्हणतात, दूध पितेय ना, मग बास झालं. मला रोज टेन्शन येतं, काय करू?

उत्तर : ताई, वजनाची काळजी आधी सोडा, या वयाला साडेतेरा किलो नॉर्मलमध्येच येतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, पुढं मात्र वर्षाला दोन-सव्वादोन किलोच वाढतं, मग भूकही कमी होणारच. आपल्याला वाटतं पोरगी जेवणच विसरली.

खरी गोम दुधात आहे. कप २०० मिलीचा धरला तर चार कप म्हणजे ८०० मिली, आपल्याकडं बहुतेक घरी म्हशीचं दूध, त्यात १०० मिलीला साधारण १०० कॅलरी, वर पावडर आणि बिस्किटं वेगळी. तिला दिवसभरात लागतात हजार-बाराशे. म्हणजे पोट आधीच भरलेलं असतं हो, ती नाटक करत नाही. आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. लोह कमी पडलं की भूक आणखी मंदावते, मग ती जेवत नाही म्हणून आपण आणखी एक कप देतो. खालची पापणी ओढून बघा, आतनं फिकट दिसली तर हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि जंताची गोळी कधी दिली होती तेही आठवा.

दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत दोन कपांवर या, तेही जेवणानंतर, आधी नाही. पावडर बंदच.

सासूबाईंशी वाद मात्र घालू नका. गंगावेशीत कट्ट्यावर समोर धार काढून पेलाभर दूध पिणारं आपलं गाव, त्यांना दूध म्हणजे ताकद वाटणारच. (लहान पोरांना ते कच्चं दूध नको, उकळूनच द्या.) पुढच्या वेळी डॉक्टरांकडं त्यांनाच सोबत न्या, हिशोब त्यांच्यासमोर होऊ दे. दिवसभर पोरीला सांभाळतात त्या, त्यांना पटलं तरच हे जमणार.

मोबाईल एकदम बंद. चार दिवस रडेल, रडू दे. घास गालात राहतो कारण तिचं सगळं लक्ष स्क्रीनवर असतं, चावायचं सुचत नाही आणि पोट भरलेलंही कळत नाही. सगळे जेवता तेव्हाच तिला सोबत बसवा, ताटात थोडंसंच वाढा, तिच्या हातानं खाऊ दे, सांडू दे. २०-२५ मिनिटांनी ताट उचला, न रागावता. काय आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते तिला ठरवू दे. एवढं एक जमलं ना, तरी निम्मी भांडणं संपतात.

भाजी टाकली तरी दुसऱ्या दिवशी चमचाभर परत वाढा. नवी चव पोरांना कधी कधी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर पटते आणि आपण तिसऱ्या वेळीच हात टेकतो. 'भाजी खाल्लीस तर चॉकलेट' हे तर नकोच, त्यानं भाजी म्हणजे शिक्षा असंच तिच्या डोक्यात बसतं. रविवारी कपिलतीर्थ मंडईत न्या, मटार तिच्या हातानं निवडू दे, घरी सोलायला बसवा, सोलता सोलता चार दाणे आपसूक तोंडात जातात.

घरात मटण होत असेल तर तिखट घालायच्या आधी तिच्यासाठी अळणी बाजूला काढताच तुम्ही, पण त्याचं नुसतं पाणी पाजू नका, लोह फोडीत असतं, मऊ फोड कुस्करून भातात कालवा. नसेल तर उसळ आणि वर लिंबू, लिंबामुळं लोह चांगलं अंगी लागतं. भडंग देताना शेंगदाणे वेचून काढा, चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा घशात अडकायची भीती असते, कूट चालतं.

प्रश्न : मुलगा १४ महिन्यांचा आहे. साखर बंद केलीय, त्याऐवजी घरच्या गुऱ्हाळाचा गूळ आणि काकवी देतो. चालेल ना? (एक बाबा, कागल)

उत्तर : दादा, घरचा असला तरी गूळ ही साखरच, काकवीपण. दोन वर्षांपर्यंत वरनं गोड काहीच घालू नका, नाचणीच्या खिरीत पिकलं केळं कुस्करा, पुरेसं गोड होतं. गुऱ्हाळावर गेल्यावर बोटभर चाटलं तर घाबरू नका, फक्त रोजच्या वाटीत नको.