इस्तंबूलमध्ये छोट्या व्हीगन हॉटेलात तुर्की जेवायला जावं का, की तिथलं सगळं नकलीच असतं?

जावं. नक्की जावं.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुर्की जेवण म्हणजे कबाब, दही आणि चीज. ही तिन्ही काढली तर ताटात उरणार काय, आणि बायको व्हीगन आहे, म्हणजे दूध-अंड्यांसकट जनावराचं काहीच खात नाही, म्हणून इस्तंबूलमधली एक संध्याकाळ अशा ठिकाणी वाया घालवायची का. माझ्या थोरल्या दिरांनी मला जवळजवळ हेच विचारलं होतं, तेही अशाच एका हॉटेलात टेबलावर बसून. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं इस्तंबूलच्या आशियाई बाजूला, कादिकॉयमध्ये राहत होतो. दूध-तूप मी त्याच्या बरंच आधी सोडलेलं. तेव्हापासून सासरच्या प्रत्येक पंगतीत 'हिचं काय करायचं' हा विषय निघायचाच, आणि तो काढण्यात भाऊजी पहिले. तुर्कस्तानला जायचं ठरलं तेव्हा तर त्यांनी मला जाहीर करून टाकलं की तू तिथे पाव आणि काकडीवर दिवस काढणार. तसं काही झालं नाही. कादिकॉयच्या बाजारात वसंतात आर्टिचोक (एका काटेरी फुलाचे कळे, भाजी म्हणून खातात) सोलून लिंबाच्या पाण्यात ठेवलेले असतात, हिवाळ्यात लीकच्या (कांद्याच्या जातीची लांब भाजी) जुड्या येतात, आणि कारागीर-दुकानदार दुपारी जिथे जेवतात त्या एस्नाफ लोकांतांमध्ये काचेमागे भाज्यांचे ट्रे मांडलेलेच असतात. माझी अडचण वेगळी होती, ती पुढे सांगते.

भाऊजी आणि जाऊबाई आमच्याकडे आले तेव्हा रोज रात्री त्यांच्या आवडीचं जेवण झालं. अदाना कबाब, इस्केंदर (पावाच्या तुकड्यांवर मांस, टोमॅटो आणि दही), एमिनोनुच्या धक्क्यावर पावातला मासा. मी सोबत जायचे, सॅलड आणि पाव खायचे. त्यात माझी तक्रार नव्हती, पाहुणे होते ते. पण एक संध्याकाळ माझ्या पसंतीची, असं आधीच ठरलं होतं. मी सगळ्यांना कादिकॉयमधल्या मोदा भागातल्या एका गल्लीतल्या छोट्या व्हीगन हॉटेलात घेऊन गेले. मोजकी टेबलं, छापील मेन्यू नाही, काउंटरवर भांडी मांडलेली, आपण बोट दाखवायचं आणि मालकीणबाई वाढणार. पन्नाशीच्या होत्या. तिथे येणारे सगळे त्यांना 'आब्ला' म्हणायचे, म्हणजे ताई. मीही तेच म्हणायचे.

टेबलावर आलं ते असं: मटार, गाजर आणि शेपू घातलेले आर्टिचोकचे गड्डे, कांदा-लसूण-टोमॅटो भरलेली वांगी म्हणजे इमाम बायिल्दी, द्राक्षाच्या पानांत सारण गुंडाळलेली सार्मा, लाल मिरची आणि अक्रोडाची मुहम्मारा, मसूर आणि बुलगुरचे (उकडून भरडलेला गहू) मुटके, आणि टोपिक. भाऊजींनी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "हे सगळं गार आहे. कालचं आहे का?"

मला इथे थांबून नीट सांगायचंय, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या गारपणात आहे. तुर्की स्वयंपाकात झेयतिनयाली नावाची एक आख्खी शाखा आहे. भाजी ऑलिव्ह तेलात, कांद्याबरोबर, चिमूटभर साखर आणि थोडंसंच पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवतात आणि त्याच भांड्यात निवू देतात. मग ती साध्या तापमानालाच खातात, वर लिंबू पिळून. निवताना भाजी तो रस आणि तेल पिऊन घेते, म्हणून सकाळी केलेली संध्याकाळी जास्त चांगली लागते. आता हाच पदार्थ लोण्यात किंवा मेंढीच्या चरबीत करून बघा. गार झाल्यावर वर पांढरा थर गोठेल आणि घास टाळूला चिकटेल. म्हणून या शाखेत लोण्याला मुळातच जागा नाही. कोणा व्हीगन माणसाने येऊन ते काढून टाकलेलं नाही. सार्म्याचंही तसंच. खिमा भरलेले डोल्मे (भरल्या भाज्या) आणि सार्मे गरम वाढतात, बहुतेकदा दह्याबरोबर. तांदूळ, पाइन नट, काळे बेदाणे, पुदिना आणि ऑलस्पाइस भरलेले गार खातात, त्यात मांस नसतंच. दोन्ही प्रकार जुने, दोन्ही घरोघरी होणारे.

हे सगळं मी तेव्हाही सांगितलं. भाऊजी म्हणाले, "ही तोंडीलावणी झाली. जेवण कुठंय? कबाबाशिवाय तुर्की जेवण म्हणजे नवरदेवाशिवाय वरात."

आब्लांना भाषा कळली नाही, पण सूर कळला. त्या खुर्ची ओढून आमच्या टेबलाशी बसल्या. त्यांच्या आजीचं कुटुंब मूळचं क्रीट बेटावरचं. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली, लाखो माणसं घरदार सोडून समुद्रापलीकडे गेली, त्यात क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानच्या एजियन किनाऱ्यावर येऊन वसले. ऑलिव्ह तेल आणि रानभाज्या हेच त्यांचं रोजचं खाणं. आसपासचे लोक त्यांची थट्टा करायचे: शेतात गाय आणि क्रीटचा माणूस एकदम शिरले तर आधी माणसाला हाकला, गाय पोट भरलं की आपण होऊन जाईल. आब्लांनी आतून देनिज बोरुलजेसीची एक ताटली आणून दिली. खाऱ्या दलदलीत उगवणारी ही भाजी उकडतात, आतला काडीसारखा दांडा हाताने ओढून काढतात आणि लसूण, लिंबू, तेल घालतात. त्या म्हणाल्या, माझ्या आजीच्या घरी मांस सणाला शिजायचं. मग रोज आम्ही जे जेवत होतो ते तुर्की नव्हतं का? मी भाऊजींना शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

टोपिकबद्दलही सांगायलाच हवं. हा इस्तंबूलच्या आर्मेनियन घरांमधला पदार्थ. काबुली चणे आणि बटाट्याच्या पिठाची पारी, आत तासन्‌तास परतून गोड झालेला कांदा, ताहिन म्हणजे तिळाचं वाटण, बेदाणे, पाइन नट, दालचिनी. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात त्यांना मांस, दूध, लोणी, अंडी सगळं वर्ज्य, म्हणून हा पदार्थ असा. आज शहरातल्या मेहानेंमध्ये, म्हणजे दारू मिळणाऱ्या खानावळींत, राकी या दारूबरोबर सगळ्या धर्मांची माणसं तो खातात. जनावराचं काहीही नसलेलं जेवण या शहरात कितीतरी पिढ्या श्रद्धेने शिजतंय. त्याला कोणी परदेशी फॅड म्हटलं की मला राग येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

आता ची कोफ्तेचं. आदल्या दिवशी बाजारात फिरताना भाऊजींनी एका टपरीवजा दुकानातून गुंडाळी घेऊन खाल्ली होती: पातळ लवाश पोळी, आत तिखट लालसर मिश्रण, सॅलडची पानं, वरून डाळिंबाचा आंबट पाक. वाटेभर तारीफ चालली होती, "मटण असं मुरलेलं पाहिजे." ती ची कोफ्ते होती. मूळचा पदार्थ आग्नेयेकडचा, उर्फा शहराकडचा. कच्चं मांस आणि बुलगुर इसोत मिरचीबरोबर मळून करतात. पण कच्च्या मांसाची ची कोफ्ते दुकानात विकायला आरोग्याच्या कारणावरून बंदी आहे. त्यामुळे देशभर कोपऱ्याकोपऱ्यावर जी विकली जाते ती बुलगुर, टोमॅटो आणि मिरचीचं वाटण आणि मसाल्यांची असते, कुठे अक्रोडही घालतात. तुर्कस्तानात सगळीकडे सहज मिळणारं हे झटपट खाणं, आणि त्यात मांस नाही. आब्लांकडे तीच ची कोफ्ते होती. ती टेबलावर आली तेव्हा मी भाऊजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "मटण असतं तर अजून चांगली लागली असती."

यावर काय बोलणार?

त्या रात्री त्यांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'आज कडक उपवास घडला.' सगळ्यांनी त्याखाली हसऱ्या बाहुल्या टाकल्या. मी तिथे काही लिहिलं नाही, पण लागलं ते लागलंच. जाऊबाईंनी इमाम बायिल्दी दुसऱ्यांदा मागवली होती. भाऊजींनी पाव फिरवून मुहम्माराची वाटी पुसून काढली होती. आब्लांनी शेवटी ताहिन आणि अक्रोड घातलेला गोड भोपळा, कबाक तातलीसी, स्वतःहून आणून दिला होता आणि त्याचे पैसे घेतले नव्हते. हे ग्रुपवर कोणीच लिहिलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

तुमच्याकडे वळते. हॉटेल निवडताना एक गोष्ट बघा. पाटीवर सोयाचा दोनेर (मूळचा उभ्या सळीवर भाजलेल्या मांसाचा), गव्हाच्या ग्लूटेनचा इस्केंदर, काजूच्या दह्यातली मांती (सारण भरलेल्या छोट्या उकडी) एवढंच असेल, तर तुमची 'नकली'ची शंका तिथे खरी ठरेल. भूक भागते, पण मूळ पदार्थाची आठवण येत राहते. मला त्यातलं एकच पटतं, व्हीगन लाहमाजुन. पातळ कुरकुरीत पोळी, वर मशरूम किंवा अक्रोडाचं वाटण, कोवळी पार्सली आणि लिंबू, त्यात खिम्याची उणीव भासत नाही. बाकी जिथे काउंटरवर त्या मोसमातल्या भाज्यांची भांडी दिसतील तिथे बसा. डाळिंबाचा पाक कुठला वापरतात तेही विचारा; बाजारात बाटलीवर 'सोस' लिहून ग्लुकोजचं पाणी खूप विकलं जायचं आणि त्याने किसिरसारखं सुंदर सॅलड चिकट गोड होऊन जातं. व्हीगन बकलावा (थरांची तुर्की मिठाई) मात्र मागू नका. अँतेप शहराच्या बकलावाला २०१३ मध्ये युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची चव कढवलेल्या लोण्याचीच आहे. तेलातला बकलावा मला कधीच आवडला नाही.

आणि आता ती माझी अडचण. साध्या खानावळीतही हे पदार्थ मिळतात, मग व्हीगन हॉटेलच कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण साध्या खानावळीत प्रत्येक ताटाला चौकशी करावी लागते. पिलाव म्हणजे भात लोण्यात किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. मसुराच्या सूपात हाडांचं पाणी असू शकतं आणि वरून लोण्याची फोडणी. राजम्यासारख्या कुरु फासुल्येत मांसाचे तुकडे काढून वाढतात आणि 'एत योक', मांस नाही, असं निर्मळ मनाने सांगतात. ते फसवत नाहीत, त्यांच्या हिशेबात रस्सा म्हणजे मांस नव्हे. म्हणून 'एत सुयू वार म' आणि 'तेरेया वार म', म्हणजे मांसाचं पाणी आहे का, लोणी आहे का, हे दोन प्रश्न पाठ करून जा. पण रोज, प्रत्येक जेवणाला, रांगेतल्या लोकांना खोळंबवून हे विचारत राहणं किती थकवतं ते विचारणाऱ्यालाच कळतं. तुमच्या बायकोलाही कळत असणार. त्या छोट्या हॉटेलात ती काहीही न विचारता, हवं त्यावर बोट दाखवून जेवू शकेल. संध्याकाळ वाया जाईल की नाही याचा विचार करताना हेही मोजा. माझ्या घरी ते कोणी मोजलं नाही.

काही गोष्टी भाऊजींच्या बाजूनेही सांगायला हव्यात. मी जे लिहिलं ते इस्तंबूल आणि एजियन किनाऱ्याचं जेवण आहे. आत अनातोलियात, कायसेरी-एर्झुरूमकडे, लोणी आणि मांस हाच स्वयंपाकाचा कणा. तिथल्या जेवणाबद्दल त्यांचं म्हणणं मी खोडणार नाही. शिवाय गरमागरम आणि जड जेवल्याशिवाय तुमचं समाधान होत नसेल तर दुपारी कबाब खाऊन या, संध्याकाळी तिच्याबरोबर बसा. अक्रोड, तीळ किंवा गहू चालत नसतील तर आधी सांगा, कारण या जेवणात तिन्ही जागोजागी आहेत. आणि लवकर जा. अशा ठिकाणी सकाळी शिजवलेलं संपलं की संपलं, रात्री उशिरा गेलात तर उरलेली दोन भांडी मिळतील. आर्टिचोकचा मोसम वसंतातला, साधारण एप्रिलपासून तिथला उन्हाळा लागेपर्यंत. हिवाळ्यात जाणार असाल तर संत्र्याच्या रसात शिजवलेला सेलरीचा कंद मागा, केरेविझ म्हणतात त्याला, आणि तो दोघांत एक घेऊ नका.