पऱ्हाट्या, सिलिंडर की दुपारचे ऊन?

प्रश्न : फैजपूरजवळ मळ्यातल्या घरी आम्ही उघड्यावर पोहण्याचा हौद बांधला आहे. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर, सरासरी खोली १.३५ मीटर. दिवाळी झाली की पाण्यात पाय घालवत नाही. एक विक्रेता हीट पंप सांगतो, दुसरा गॅसचा हीटर. दीर म्हणतात सोलर बसवा. आबा (सासरे) म्हणतात, बांधावर कपाशीच्या एवढ्या पऱ्हाट्या (वाळलेली झाडे) पडल्यात, मोठा बंब करा. गुडघ्यांसाठी त्यांना उनपदेवच्या गरम झऱ्यासारखे कढत पाणीही हवे आहे. घरावर ३ किलोवॅटचे सोलर पॅनल आहेत, मळ्यात शेतीपंपाचे कनेक्शन आहे. काय घ्यावे?
*– एक वाचक, ता. यावल*

उत्तर : ताई, मापे दिलीत हे फार बरे केले. एरवी ‘मध्यम आकाराचा पूल’ एवढ्यावर लोक सल्ला मागतात आणि विक्रेतेही तेवढ्यावरच मशीन विकतात.

तुमच्या हौदात ४३,२०० लिटर पाणी मावते. ते एक अंशाने तापवायला ५० युनिट उष्णता लागते. मग ती कशातूनही येवो. जानेवारीत पाणी २० अंशांवर असेल आणि पोहायला २८ हवे असेल, तर ४०० युनिट. आता घरातल्या सगळ्यांचे म्हणणे या एकाच आकड्यावर तपासा. विजेच्या साध्या हीटरला पूर्ण ४०० युनिट वीज लागेल. गॅसला १९ किलोचे दोन सिलिंडर. आबांच्या बंबाला, निम्मी उष्णता धुराड्यातून जाते असे धरले तर, दोनशे किलोच्या आसपास वाळक्या पऱ्हाट्या. हीट पंपाला सुमारे ८० युनिट, कारण तो उष्णता तयार करत नाही, हवेतली उचलून पाण्यात टाकतो. वीज लागते ती फक्त या हमालीची.

हा झाला एकदा तापवण्याचा खर्च. खरा खर्च रोजचा आहे, आणि त्याबद्दल कोणताही विक्रेता आपणहून बोलत नाही. उघड्या हौदाची सर्वांत जास्त उष्णता बाष्पीभवनात जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. तुमच्या ३२ चौरस मीटर पृष्ठभागावरून पाण्याची पातळी नुसती एक मिलिमीटर उतरली, तर सगळा हौद जवळजवळ अर्ध्या अंशाने थंड होतो. आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी, आभाळ निरभ्र. थंडीने केळीला चरका बसतो अशा रात्री कोमट पाणी उघडे राहिले, तर सकाळपर्यंत दोन अंश सहज जातात. म्हणजे रोज शंभर युनिट, गॅसच्या भाषेत अर्धा सिलिंडर.

म्हणून पहिली खरेदी हीटरची नाही, कव्हरची. बुडबुड्यांचे जाड प्लास्टिक मिळते, ते बुडबुडे खाली ठेवून पाण्यावर पसरायचे. गुंडाळायला रूळ घ्याच. त्याशिवाय दोन माणसे लागतात, आणि आठवडाभरात कव्हर भिंतीला टेकवून ठेवलेले दिसते. रोजचे नुकसान यातच निम्म्यावर येते. मळ्यातली धूळ आणि पालापाचोळाही वाचतो. मात्र लहान मुले असतील तर लक्षात ठेवा, हे तरंगते कव्हर म्हणजे सुरक्षेची जाळी नव्हे. त्यावर पाय पडला तर मूल खाली जाते आणि वरून दिसतही नाही. कुंपण वेगळे हवे.

आता हीटर. खान्देशचा हिवाळा रात्री बोचतो, पण दुपारी पारा २८–३० पर्यंत चढतो. हीट पंपाला हे वरदान आहे. हवा जितकी गरम, तितके त्याचे काम स्वस्त. तरी लोक तो पहाटे पाचला चालू करतात, ‘सकाळी पोहायचंय ना’ म्हणून! पहाटेच्या दहा अंशांच्या हवेतून उष्णता उपसायला तो जास्त वीज खातो. सकाळी अकरा ते चार चालवा आणि पाचला कव्हर ओढा. कव्हर असेल तर रोज साधारण एक अंश भरून काढायचा, म्हणजे दहा युनिट वीज. तुमचे ३ किलोवॅटचे पॅनल चांगल्या उन्हात रोज बाराएक युनिट देतात, तेही नेमके त्याच वेळेत. घरचा फ्रिज आणि पंखे त्यावरच आहेत हे खरे, पण हिशेब आवाक्यात बसतो. घेताना आतली उष्णता देणारी नळी टायटॅनियमची आहे ना, हे लेखी घ्या. क्लोरीनच्या पाण्यात तांबे टिकत नाही. क्लोरीन सोडण्याची जागा हीटरच्या पुढे ठेवा, आधी नको. बोअरचे पाणी जड असेल तर पीएच ७.२ ते ७.६ मध्ये सांभाळा, नाहीतर क्षार धरतात.

दिरांचे म्हणणेही चूक नाही, फक्त काचेच्या नळ्यांचा सोलर नको. तो आंघोळीच्या पाण्यासाठी. पोहण्याच्या पाण्याला काळ्या प्लास्टिकच्या मॅट पुरतात. हौदाच्या निम्म्याहून थोडे जास्त, म्हणजे २० चौरस मीटर तरी, दक्षिणेकडे तोंड करून, ३० ते ३५ अंश कलत्या. वाऱ्याला आडोसा हवा. मॅटमधून येणाऱ्या पाइपाला हात लावून ‘कुठं गरम येतंय?’ म्हणू नका. भरपूर पाणी थोडेथोडे तापवणे हेच तिचे काम आहे, दोन-चार अंशांचा फरक पडला की झाले.

माझे मत विचाराल तर : या हिवाळ्यात कव्हर, पुढे स्लॅबवर जागा असेल तर मॅट. डिसेंबर-जानेवारीत रोज हमखास पोहायचेच असेल तरच हीट पंप. गॅस त्यांच्यासाठी, जे पुण्याहून महिन्यातून एकदा येतात आणि ज्यांना काही तासांत पाणी तापलेले हवे असते.

शेतीपंपाच्या कनेक्शनवर यातले काहीही जोडू नका. मंजूर कारणाखेरीज वीज वापरणे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये येते, आणि आकारणी जबर होते.

राहिले आबा. त्यांना हवे ते ३८ अंश ४३ हजार लिटरला देणे हा वेडेपणा आहे. शेजारी दीड हजार लिटरचे छोटे टाके बांधा. ते २० वरून ३८ वर न्यायला जेमतेम ३१ युनिट उष्णता लागते, आणि तिथे दिरांचा नळ्यांचा सोलर चालेल. बंबही चालेल, पऱ्हाट्याही पंधरा-वीस किलोच लागतील. ४० च्या वर मात्र नेऊ नका, आणि रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : पाणी गरम करायचे चार रॉड हौदात सोडले तर चालेल का?
*– धुळे*

उत्तर : नाही. माणूस असताना नाही, नसतानाही नाही. पाण्याजवळच्या प्रत्येक विजेच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवे, मग ती दिव्याची का असेना.

प्रश्न : आमची अडचण उलटी आहे. मे महिन्यात पाणी इतके तापते की पोहावेसे वाटत नाही.
*– शहादा*

उत्तर : खरे तर खान्देशातली मोठी अडचण हीच! वर ज्या बाष्पीभवनाला नावे ठेवली तेच आता कामाचे. रात्री कव्हर काढा, कारंजे असेल तर सुरू ठेवा. काळ्या मॅट असतील तर सूर्य मावळल्यावर त्यांतून पाणी फिरवा, त्या रात्री उष्णता आभाळाकडे सोडतात. दुपारी हौदावर शेडनेट ताणा. हीट पंप घ्यायचाच असेल तर थंड करण्याची सोय असलेला घ्या. सगळ्यांत ती नसते. क्लोरीनची मात्रा मात्र संध्याकाळी तपासा, तापलेल्या पाण्यात आणि कडक उन्हात ते झपाट्याने संपते.