भविष्यशास्त्र की भविष्यवेध?

'फ्युचरॉलॉजी'ला, म्हणजे पुढे काय काय घडू शकेल याच्या पद्धतशीर अभ्यासाला, 'भविष्यशास्त्र' म्हणावं का, आणि हा अभ्यास करून खरंच काही फरक पडलाय का, असे दोन प्रश्न एकदम आलेत. मला वाटतं दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच दडलंय.

'भविष्यशास्त्र' व्याकरणाने बरोबर आहे, पण ऐकल्या ऐकल्या पत्रिका आणि ग्रह डोळ्यापुढे येतात, कारण आपण 'भविष्य' दोन अर्थांनी वापरतो, एक पुढे येणारा काळ आणि दुसरं ज्योतिषी सांगतो ते. 'भाकीत', 'होरा' हेही त्याच घरातले (होरा तर मूळचा ग्रीक, ज्योतिषातूनच आपल्याकडे आला). या सगळ्यांना कसोटी एकच, खरं ठरलं की चुकलं.

त्या कसोटीवर हा विषय बरेचदा पडतो. जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिकने १९८० मध्ये अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमनशी पैज लावली की दहा वर्षांत पाच धातू महागतील, १९९० ला महागाई वजा करून बघितलं तर पाचही स्वस्त झालेले. होरा साफ चुकला.

पण मराठीत 'आडाखा' असा एक फार कामाचा शब्द आहे. आडाखा सांगत नाहीत, बांधतात, आणि बहुतेक वेळा अनेकवचनात, आडाखे. असं झालं तर काय, तसं झालं तर काय. शेल या तेल कंपनीत पिएर वाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नेमकं हेच केलं, खनिज तेल काढणाऱ्या देशांनी भाव चढवले तर आपण काय करणार हे साहेबलोकांना आधीच विचार करायला लावलं, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात भाव भडकले तेव्हा शेल इतरांपेक्षा लवकर सावरली.

दक्षिण आफ्रिकेतलं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. वर्णद्वेषी राजवट संपत आलेली, तेव्हा १९९१-९२ मध्ये केपटाऊनजवळ माँ फ्लर इथे वेगवेगळ्या गटांतले २२ जण बसले आणि देशाचं पुढे काय होऊ शकेल याची चार चित्रं रेखाटली: वाळूत डोकं खुपसलेला शहामृग, लंगडं बदक, इकॅरस आणि फ्लेमिंगोंचं उड्डाण. इकॅरस हा ग्रीक पुराणकथेतला, सूर्याच्या फार जवळ उडाला आणि कोसळला; इथे इकॅरस म्हणजे नवं सरकार लोकांना खूश करायला वारेमाप खर्च करतं आणि अर्थव्यवस्था कोसळते. त्या बैठकांना ट्रेव्हर मॅन्युएल होते, तेच पुढे अर्थमंत्री झाले आणि खर्चाला लगाम घालणारे म्हणून ओळखले गेले. इकॅरस खरा ठरला नाही, पण म्हणून तो आडाखा वाया गेला असं कोण म्हणेल?

तेव्हा फरक पडलाय, नक्की पडलाय, फक्त तो 'खरं ठरलं का' विचारून सापडत नाही.

शब्दाचं म्हणाल तर माझं मत 'भविष्यवेध'ला. 'वेध घेणे' यात निरीक्षण आहे, वेधशाळेतला वेध तोच. 'भविष्याभ्यास'ही चालेल, जरा कोरडा आहे इतकंच. क्रियापद मात्र जपून वापरा, 'वाकने तेलाच्या दरवाढीचं भविष्य वर्तवलं' असं नको, 'दरवाढीचे आडाखे बांधले' असं लिहा.